आयसीयूमध्ये पेशंटचा हात धरून थांबणं: हे नर्सिंगच्या कामात धरायचं की नाही?

नवी_आयसीयू_सिस्टर

नमस्कार सगळ्यांना. जनरल वॉर्डमधून आयसीयूत येऊन मला चार महिने झालेत. एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

गेल्या आठवड्यात नाइटला माझ्याकडे एक आजी होत्या. व्हेंटिलेटरवर, सेडेशन म्हणजे गुंगीचं औषध हळूहळू कमी करत आणलेलं. रात्री अडीचच्या सुमाराला त्यांचं सगळं उरकलं होतं, सक्शन म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं झालं, पोझिशन बदलून झाली, माउथ केअर झाली, एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी पाठवून झाली, आणि त्या डोळे उघडून नुसत्या छताकडे बघत होत्या, कपाळाला आठ्या, हार्ट रेट ११८. मी परत सगळं पहिल्यापासून बघितलं, ट्यूब कुठे वाकलीय का, सॅच्युरेशन, ताप, कॅथेटर चोंदलंय का, चादरीची घडी टोचतेय का, दुखण्यासाठी सीपीओटीचा, म्हणजे बोलू न शकणाऱ्या पेशंटचं दुखणं मोजायचा स्कोअर काढला, डॉक्टरांनाही दाखवलं. काहीच सापडलं नाही. मग सुचेना म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि कानाजवळ जाऊन सांगितलं की आजी, मी तुमची रात्रीची सिस्टर, तुम्ही दवाखान्यात आहात, नळीमुळे आवाज येत नाहीये, नळी निघाली की येईल. त्यांनी माझी दोन बोटं घट्ट धरली. मी दहाएक मिनिटं तशीच उभी राहिले. हळूहळू डोळे मिटले, रेट १०० च्या खाली आला. तो हातामुळेच आला असं मी म्हणत नाहीये, आपोआपही आला असेल.

माझ्या सीनियरनी हे बघितलं आणि नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, काम झालं की सरकायचं, हात धरत बसलीस तर दुसऱ्या बेडचं कोण बघणार, आणि उद्या काही झालं तर तूच रडत बसशील. त्या वाईट नाहीत हो, उलट आमच्याकडे सगळ्यात हुशार त्याच आहेत, त्यांच्या हाताखाली मी लाइन्स म्हणजे रक्तवाहिन्यांतल्या नळ्यांचं काम शिकलेय. म्हणूनच ते जास्त लागलं.

तर प्रश्न असा की हे कामात धरायचं का माझा भावनिकपणा? तुम्ही करता का? वेळ कुठून काढता? आणि कधी अजिबात हात लावू नये असंही असतं का, कारण ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

---

रात्रपाळी_१९_वर्षं

अगं, आधी एक सांगते, तू क्रम बरोबर ठेवलास. ११८ रेट आणि आठ्या दिसल्या की आधी ऑक्सिजन, ट्यूब, दुखणं, मूत्राशय, ताप हे सगळं संपवायचं आणि मगच हात. हे उलटं करणारेही मी बघितलेत, पेशंट दुखण्याने तळमळतोय आणि सिस्टर प्रेमाने कपाळावरून हात फिरवतेय. वेदनाशामकाच्या जागी हात चालत नाही. त्याच्या सोबत चालतो.

आता मुद्द्याचं. एखाद्या शिफ्टला तू एकाच पेशंटला किती वेळा हात लावतेस ते मनात मोज. दर दोन तासांनी कूस बदलणं, सक्शन, स्पंजिंग, ड्रेसिंग, रक्त काढणं, डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च, बीपीचा कफ फुगवणं, चिकटपट्टी काढणं. यातला प्रत्येक हात एक तर दुखवतो, नाहीतर काहीतरी घेऊन जातो. पेशंटचं शरीर हे शिकतं. पाचव्या-सहाव्या दिवशी बघ, तू बेडजवळ गेलीस आणि अंगावरची चादर उचललीस तरी खांदे आखडतात, अजून काही केलेलंही नसतं. माझ्या मते काहीही न घेणारा हात म्हणूनच लागतो, प्रेमळ वगैरे वाटायला नाही. हात आला म्हणजे दरवेळी दुखणारच असं नाही, हे त्या शरीराला कुठेतरी कळायला पाहिजे.

वेळेचं म्हणशील तर दहा मिनिटं रोज नाही मिळणार, आणि तुझ्या सीनियरचं दुसऱ्या बेडबद्दलचं म्हणणं खोटं नाही. पण मी वेगळा वेळ काढतच नाही. आधी नावाने हाक मारते. मग खांद्यावर पूर्ण तळहात ठेवते, तीन-चार सेकंद काहीही न करता तसाच. मग सांगते काय करणार आहे. मग काम. आणि काम झाल्यावर हात लगेच काढत नाही, परत खांद्यावर ठेवून "झालं, आता काही नाही करत" असं सांगून मग काढते. एवढंच. सक्शननंतर तर हे कधीच चुकवत नाही, कारण सक्शनमध्ये माणसाला गुदमरल्यासारखं होतं आणि आपण कॅथेटर गुंडाळून टाकून निघून जातो, तो खोकत पडलेला असतो.

बोटांच्या टोकांनी हात लावू नको, ते चाचपल्यासारखं किंवा गुदगुल्या केल्यासारखं वाटतं. हाताचं वजन जाणवू दे. थोपटू पण नको फार, लहान मूल नाहीयेत ते. हात गार असतील तर आधी चोळून घे. आणि ग्लोव्हजचं सांगते कारण नवीन पोरी घाबरून सगळ्यालाच घालतात: अखंड कातडी असेल, रक्त किंवा स्राव नसेल, पेशंट कॉन्टॅक्ट प्रिकॉशनवर, म्हणजे स्पर्शाने पसरणाऱ्या संसर्गासाठी वेगळा ठेवलेला नसेल तर नुसता हात धरायला ग्लोव्हज लागत नाहीत, आधी आणि नंतर हँडरब मात्र लागतोच, २० ते ३० सेकंद, नीट सुकेपर्यंत. आयसोलेशनचा पेशंट असेल तर ग्लोव्हज घालूनच धर. ग्लोव्हजमधूनही ऊब जाते.

आर्टेरियल लाइन म्हणजे धमनीतली नळी असलेलं मनगट सोडून दे. हाताच्या शिरेतून नॉरअॅड्रिनलीन हे बीपी वाढवायचं औषध चालू असेल तर तो हातही. आजींनी तुझी बोटं घट्ट धरली म्हणतेस, तो हात लाइनचा नव्हता ना?

---

नवी_आयसीयू_सिस्टर

नाही ताई, लाइन डाव्या हाताला होती, मी उजवीकडे उभी होते. पण खरं सांगायचं तर तेव्हा विचार करून नव्हते उभी, जागा तिथे होती म्हणून.

---

एकेचाळीस_दिवस

मी नर्स नाही, पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. काही वर्षांपूर्वी मला जीबीएस म्हणजे गिया-बारे सिंड्रोम झाला होता, ४१ दिवस आयसीयूत, त्यातले बरेचसे व्हेंटिलेटरवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात नसांवर हल्ला होतो आणि पायापासून वर वर शरीर लुळं पडत जातं, पण डोकं पूर्ण शाबूत असतं. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त बोट हलत नाही.

ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे पण एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण ती मी तेव्हा सांगू शकलो नाही. मला हलका स्पर्श सहन होत नव्हता. चादरीचं वजनसुद्धा पायावर भाजल्यासारखं व्हायचं. आणि एक सिस्टर होत्या, फार मायाळू, त्या रोज दुपारी माझ्या पोटरीवरून हळूहळू हात फिरवायच्या, पाय आखडू नयेत म्हणून आणि बरं वाटावं म्हणून. मला आतून ओरडायचं असायचं. डोळ्यातून पाणी यायचं तर त्यांना वाटायचं मला भरून आलंय, आणि त्या आणखी फिरवायच्या. त्यांच्यावर माझा आजही राग नाही. पण नऊ-दहा दिवस हे चाललं.

मग एक ब्रदर आले, त्यांनी पहिल्याच दिवशी डोळ्यांची भाषा ठरवली. एकदा मिटलं तर हो, दोनदा मिटलं तर नाही. आणि मग त्यांनी एकेका जागी हात ठेवून विचारलं, इथे चालतं का, इथे चालतं का. पावलं नाही, पोटऱ्या नाही, हात नको, खांदा चालेल, कपाळ हो. पाच मिनिटं लागली असतील सगळी मिळून. त्यांनी ते कागदावर लिहून बेडच्या डोक्याशी लावलं. त्या दिवसानंतर माझे निम्मे हाल संपले, अक्षरशः.

कपाळावरच्या हाताचं मात्र सांगतो. इतके दिवस न हलता पडलं की शरीर कुठे संपतं तेच कळेनासं होतं, हात कुठे आहे, छातीवर आहे का बाजूला आहे, काही पत्ता लागत नाही, मध्येच वाटतं आपण फक्त एक डोकं आहोत. रात्री भास व्हायचे, मी एका गोदामात आहे आणि माणसं माझी मोजणी करतायत, उचलतायत आणि परत ठेवतायत. ती माणसं म्हणजे तुम्हीच होतात, कूस बदलणारे, हे मला नंतर कळलं. आणि त्या गोदामात कधीतरी कपाळावर एक जड, कोमट हात यायचा आणि आवाज यायचा की आज गुरुवार आहे, पहाटेचे चार वाजलेत. गोदामातली माणसं वार सांगत नाहीत, म्हणून मला कळायचं की हे खरं आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, हात ठेवा, नक्की ठेवा, पण विचारून ठेवा. बोलता येत नसेल तर डोळ्याला विचारा. तेही शक्य नसेल तर हात ठेवल्यावर चेहऱ्याकडे बघा, मॉनिटरकडे नंतर.

---

नवी_आयसीयू_सिस्टर

दादा, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसले. आजींच्या डोळ्यातही पाणी होतं त्या रात्री आणि मी ते माझ्या सोयीने समजून घेतलं.

---

भूल_आणि_क्रिटिकल_केअर

मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूतच काम करतो. शरीरशास्त्राच्या बाजूचं थोडं लिहितो, कारण "भावनिकपणा" या शब्दाला उत्तर तिथे आहे.

आपल्या केसाळ कातडीत, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, दंड, पाठ, चेहरा, इथे सी-टॅक्टाइल नावाचे बारीक मज्जातंतू असतात. त्यांच्यावर मायलिनचं आवरण नसतं त्यामुळे संदेश फार हळू जातो, सेकंदाला साधारण १ मीटर, तर नेहमीच्या स्पर्शाचे जाड तंतू त्याच्या कितीतरी पट वेगवान असतात. कुठे टोचलं, काय लागलं हे सांगायचं काम त्यांचं नाहीच. ते सगळ्यात जास्त कधी चाळवतात तर सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर या वेगाने कुणी हळुवार हात फिरवला तर, आणि तोही कातडीच्या तापमानाच्या म्हणजे ३२ अंशांच्या आसपास असेल तर. यंत्र लागत नाही, माणसाचा हात नेमका तसाच असतो. मेंदूत हा संदेश इन्सुला नावाच्या भागाकडे जातो, जिथे शरीराला आतून कसं वाटतंय याचा हिशोब होतो. तळहातावर हे तंतू जवळपास नसतातच. पण म्हणून तळहात धरू नये असं नाही, तिथे पकडीतून वेगळंच काहीतरी होतं, आजींनी बोटं धरली ते त्यातलंच.

४१ दिवसवाल्या दादांना जे झालं त्याला अॅलोडायनिया म्हणतात, नस बिघडली की साधा स्पर्शही वेदना म्हणून पोचतो. त्यांच्याकडे हळुवार फिरवणं हेच चुकीचं होतं आणि स्थिर, वजनदार हात बरोबर. त्यामुळे एकच पद्धत सगळ्यांना लावू नका.

२००६ मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १६ विवाहित स्त्रियांना एमआरआयमध्ये झोपवून विजेचा हलका झटका बसेल अशी भीती घातली. एकदा कुणाचाच हात नाही, एकदा अनोळखी माणसाचा, एकदा नवऱ्याचा. नवऱ्याचा हात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात कमी, आणि अनोळखी हातानेही काही प्रमाणात कमी. आयसीयूत आपण तो अनोळखी हात असतो. जमतं, पण घरच्यांच्या हाताइतकं नाही, म्हणून घरच्यांना आत आणणं हेही या विषयातच येतं.

आता पुराव्याबद्दल सरळ बोलतो. हात धरल्याने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात किंवा जीव वाचतो असं मी कुणाला सांगणार नाही. आयसीयूत स्पर्शावर आणि मसाजवर अभ्यास झालेत, बहुतेक लहान आहेत, भीती आणि दुखणं थोडं कमी झाल्याचं काहींत दिसतं. २०१८ च्या पॅडिस गाइडलाइन्समध्ये, ज्या दुखणं, अस्वस्थता, डिलिरियम (आजारपणातला भ्रम), हालचाल आणि झोप यांवर आहेत, त्यात दुखण्यासाठी मसाज देऊन बघावा असं सुचवलंय, पण शिफारस सौम्य आहे आणि पुरावा कमी दर्जाचा असं तिथेच लिहिलंय. माझ्या दृष्टीने एवढं पुरे. घाबरलेल्या माणसाची भीती दहा मिनिटं कमी झाली तर त्याला आणखी कशाने सिद्ध करायचं.

आणि एक जुनी गोष्ट, मला ती फार जवळची आहे. आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची सुरुवात १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत धरतात. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले इतके पेशंट आले की यंत्रं पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात नळी घालून रबरी पिशवीने हाताने श्वास द्यायचं सुचवलं आणि मग सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पेशंटच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशवी दाबत होते. त्यातले बरेच पेशंट जागे होते, समोरच्या पोराकडे बघत होते. म्हणजे आपल्या शाखेचा जन्मच मुळी उशाशी बसलेल्या माणसाच्या हातातून झालाय, यंत्र नंतर आलं.

---

उत्सुक_वाचक

डॉक्टर, मग ते हात न लावता शरीरावरून हात फिरवून ऊर्जा देतात ते पण यातच येतं का? आमच्या ओळखीच्या एका नर्सने त्याचा कोर्स केलाय आणि ती त्याला टच थेरपीच म्हणते.

---

भूल_आणि_क्रिटिकल_केअर

नाही, ते पूर्ण वेगळं आहे, नाव सारखं असल्याने घोटाळा होतो. त्यात स्पर्शच नसतो. एमिली रोझा या मुलीने वयाच्या नवव्या वर्षी त्याची साधी चाचणी केली होती. पडद्याआड आपला हात त्या लोकांच्या एका हाताजवळ धरायचा आणि त्यांनी ओळखायचं कुठला हात. २१ जणांनी मिळून २८० वेळा सांगितलं, त्यातले ४४ टक्केच बरोबर, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही कमी. १९९८ मध्ये जामा या मोठ्या जर्नलमध्ये ते छापून आलं. मी बोलतोय ते कातडीला लागणाऱ्या खऱ्या हाताबद्दल, त्यात ऊर्जा वगैरे काही नाही.

---

ब्रदर_म्हणा

मी पुरुष नर्स आहे, आठ वर्षं. ताई, तुम्ही "कधी लावू नये" विचारलंत, त्यावर मला बरंच बोलायचंय कारण माझ्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे.

एक म्हणजे डिलिरियम. चवताळलेला, आरएएसएस या अस्वस्थता मोजायच्या पट्टीवर +३ असलेला पेशंट, नळ्या उपसतोय, त्याला वाटतंय आपल्याला कोणीतरी मारायला आलंय, अशा वेळी मागून येऊन खांद्यावर हात ठेवलात तर तो त्याला हल्लाच वाटणार. समोरून या, चेहरा दिसू द्या, आवाज आधी, चष्मा आणि ऐकायचं मशीन असेल तर ते लावा, आणि हात फक्त पुढे करा, तळहात वर. धरला तर धरला. नाही धरला तर तसाच थोडा वेळ ठेवा आणि मागे घ्या. माझा अनुभव असा की अर्ध्याहून जास्त वेळा धरतात.

दुसरं, धनुर्वाताच्या पेशंटला अचानक स्पर्श म्हणजे झटका, तिथे जितका कमी तितका बरा, आणि सगळी कामं एकत्र उरकायची. डोक्यातला दाब वाढलेला असेल तर पण उगाच चाळवायचं नाही, हात ठेवलाच तर स्थिर, आणि आयसीपीच्या आकड्यावर डोळा ठेवून. भाजलेले, कातडीचं ताजं ग्राफ्ट लावलेले, ते तर उघडच आहे.

तिसरं जे कुणी बोलत नाही. बेशुद्ध बाई पेशंट असेल आणि मी एकटा असेन तर मी काय करतो? मी पडदा पूर्ण ओढत नाही, काय करतोय ते मोठ्याने बोलतो, हात ठेवायचा तर खांदा किंवा हाताचा वरचा भाग, बाकी कुठेही नाही, आणि स्पंजिंगला सिस्टर सोबत लागतातच. काही जणींच्या बाबतीत पूर्वी काय घडलेलं असेल आपल्याला माहीत नसतं, कुणाच्या आयुष्यात हात या गोष्टीचा अर्थच भीती असा असतो, आणि ती व्यक्ती सेडेशनमध्ये नाही म्हणू शकत नाही. त्यामुळे शक्य असेल तेव्हा घरच्यांना विचारतो, यांना जवळ घेतलेलं, हात धरलेला आवडतो का. हा प्रश्न ऐकून नातेवाईक आधी चमकतात आणि मग भरभरून सांगतात. एका काकांच्या मुलाने सांगितलं होतं, बाबांना कुणी हात धरलेला आवडत नाही, पण कानामागे खाजवलेलं आवडतं. आम्ही तेच केलं.

आणि मला उलट बाजूचंही दुखतं. पुरुष आहे म्हणून काही जण मला वजन उचलायला बोलवतात आणि हात धरायला सिस्टरना. भीती काय फक्त बायकांच्या हाताने जाते का.

---

छोट्यांचा_आयसीयू

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतून लिहितेय. आमच्याकडे हा वाद कधीच मिटलाय, कारण आमचे पेशंट आकड्यांतच उत्तर देतात, चुकीचा हात लावला की सॅच्युरेशन लगेच पडतं.

अठ्ठावीस-तीस आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाला गोंजारायचं नसतं हे आयांना समजावणं सगळ्यात कठीण. आई येते, बोटाने गालावरून, पाठीवरून फिरवते आणि बाळ हातपाय फेकायला लागतं, आईला वाटतं याला मी नकोय. तेव्हा आम्ही तिचे दोन्ही हात घेऊन एक डोक्याला आणि एक गोळा केलेल्या पायांना असा धरवतो, स्थिर, गर्भाशयाची भिंत असते तसा. बाळ शांत होतं आणि आईचा चेहरा बघण्यासारखा होतो. हात काढतानासुद्धा एक एक करून, सावकाश.

कांगारू केअर म्हणजे बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं, त्याबद्दल सगळ्यांना माहीत असेल, १९७८ च्या सुमाराला बोगोटात एडगर रे या डॉक्टरांनी इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू केलं, गरजेपोटी. पण २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला मोठा अभ्यास आला, पाच देश, ३,२११ बाळं, वजन १ ते १.८ किलोच्या आतलं. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबरच आईच्या छातीशी ठेवलेल्या गटात २८ दिवसांत दगावणारी बाळं १२ टक्के, आणि नेहमीसारखं आधी स्थिर करून मग ठेवलेल्या गटात १५.७ टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण फरक इतका स्पष्ट होता. मोठ्यांच्या आयसीयूत असा आकडा नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच आहे आणि दोन्हीची सरमिसळ मला करायची नाही. पण "हात लावणं हे कामात धरायचं का" हा प्रश्न आमच्या शिफ्टमध्ये कुणी विचारणार नाही, ते चार्टमध्ये लिहायचं काम आहे, किती वाजता, किती मिनिटं.

---

लेक_एक

मी कधी कुठे लिहीत नाही. पण नातेवाईकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

माझे बाबा अकरा दिवस होते. पहिले चार दिवस मी त्यांना हातच लावला नाही. कुणी मनाई केली नव्हती, मीच घाबरले होते, इतक्या नळ्या, प्रत्येक नळीच्या टोकाला एक मशीन, मला वाटायचं माझ्या धक्क्याने काहीतरी निघेल आणि ते जातील. भेटायच्या वेळेत मी बेडच्या पायाशी पर्स छातीशी धरून उभी राहायची आणि मॉनिटर बघायची, बाबांना नाही, मॉनिटरला भेटून घरी जायची.

पाचव्या दिवशी एक सिस्टर आल्या. काही न बोलता त्यांनी माझ्या बाजूची साइड रेल खाली केली. स्टूल आणून ठेवलं. एक नळी उचलून पलीकडे घेतली आणि म्हणाल्या, हा हात मोकळा आहे, इथे काही नाही, धरा. मी विचारलं, त्यांना कळेल का? त्या म्हणाल्या, मला सांगता येणार नाही, पण तुम्हाला कळेल. मी धरला. हात सुजलेला होता, बाबांचा वाटतच नव्हता, पण अंगठ्याच्या नखावर लहानपणापासून बघितलेली ती उभी रेघ होती. त्या रेघेवरून मी त्यांना ओळखलं.

बाबा गेले तेव्हा मी तो हात धरलेला होता. नंतरच्या इतक्या महिन्यांत ज्या एका गोष्टीचा मला पश्चात्ताप नाही ती ही. आणि ज्या गोष्टीचा आहे ती म्हणजे ते पहिले चार दिवस. तेव्हा ताई, तुमच्याकडे दहा मिनिटं नसतील तर रेल खाली करा आणि आम्हाला बसवा. आमच्याकडे वेळच वेळ असतो हो, आम्ही बाहेर खुर्चीवर नुसते बसलेले असतो.

---

रात्रपाळी_१९_वर्षं

लेकी, तू लिहिलंस ते बरं झालं. कोविडमध्ये आम्ही हेच करू शकलो नाही, कुणाला आत घेताच येत नव्हतं. २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या नर्सेसचा तो फोटो आठवतो का, दोन ग्लोव्हजमध्ये कोमट पाणी भरून, बांधून, पेशंटच्या हाताला खालून-वरून लावलेले, कुणीतरी हात धरल्यासारखे. गार पडलेल्या बोटांना ऊब मिळावी हाही हेतू होता त्यात. जग त्याला सुंदर म्हणालं. मला तो फोटो बघवत नव्हता, कारण आम्हीही तेव्हा पीपीईमध्ये एका वेळी किती बेड बघत होतो ते आठवायचं.

आणि नव्या सिस्टर, तुझ्या सीनियरबद्दल. "उद्या रडत बसशील" हे वाक्य माणूस अनुभवाशिवाय बोलत नाही. तिने कधीतरी कुणाचा तरी हात धरलेला असणार. तिच्याशी वाद घालू नको. माझंही मध्ये दोन-तीन वर्षं तसंच झालं होतं, कामाला हात आणि बाकी सगळं बंद. ते आपोआप नाही सुटलं, एका मैत्रिणीशी शिफ्टनंतर बोलून बोलून सुटलं. तू पण बोलत जा, कुणाशी तरी, नाहीतर तुझंही बंद होईल.

---

नवी_आयसीयू_सिस्टर

बरेच दिवस मध्ये गेले, ड्युट्या लागोपाठ होत्या. सगळं तीन-चार वेळा वाचलं.

आजींची ट्यूब निघाली, आता वॉर्डात आहेत. मी भेटायला गेले होते. त्यांना ती रात्र काहीच आठवत नाही, मला ओळखलंही नाही, आवाज अजून घोगरा आहे, मलाच विचारलं की तू कुणाची गं. आधी जरा वाईट वाटलं. मग मी त्यांना विचारलं की आजी, तिकडे असताना आम्ही हात धरायचो ते चालायचं का तुम्हाला. म्हणाल्या हात ठीक, पण ते तोंडात सारखं काय घालायचात.

सीनियरशी वाद नाही घातला. पण लक्ष ठेवून बघितलं त्यांच्याकडे, काम करताना. सक्शन झालं की त्यांचा डावा हात पेशंटच्या खांद्यावर असतो, खोकला थांबेपर्यंत. त्यांना स्वतःला ते माहीत आहे की नाही कोण जाणे, मी काही बोलले नाही.

एक गोष्ट मात्र सुरू केलीय, दादांच्या त्या कागदावरून. माझ्या पेशंटला मी जागा विचारून घेते, डोळ्याने नाहीतर नातेवाईकांकडून, आणि हँडओव्हरच्या कागदावर लाइन्स आणि ड्रेसिंगच्या खाली एक ओळ लिहिते. पहिल्या दिवशी सकाळच्या ब्रदरनी विचारलं हे काय, सांगितलं, तर काही बोलले नाहीत. काल मी दोन सुट्ट्यांनंतर ड्युटीवर आले तर बेड चारवर नवीन पेशंट होता, मी कधी न बघितलेला, आणि कागदावर माझ्या नाही तर त्यांच्या अक्षरात शेवटी लिहिलं होतं: उजवा खांदा चालतो, पावलं नकोत, उशिरा रात्री घाबरतात, आधी वार आणि वेळ सांगणे.